पट मोजला, वाचन मोजायचे राहिले

हेब्बाळचा उड्डाणपूल सोडून आत वळले की आमची वसाहत लागते. वसाहतीच्या कुंपणाला लागून एक बहुमजली इमारत गेली दोन वर्षे उभी राहते आहे. तिच्या राखणदाराचे कुटुंब तिथेच पत्र्याच्या खोलीत राहते. मूळ गाव यादगीर जिल्ह्यातले. थोरली मुलगी जवळच्या सरकारी शाळेत सहावीला, धाकटा भाऊ दुसरीला. माझ्या पत्नीने एकदा तिला चित्रांची पुस्तके दिली आणि तेव्हापासून दर रविवारी ती आमच्या व्हरांड्यात येऊन बसू लागली.

कन्नड मला बोलण्यापुरते येते. वाचायला मी याच शहरात, पन्नाशी उलटल्यावर, दुकानांच्या पाट्या लावून लावून शिकलो. तेव्हा वाचनाच्या शिडीवर तिची नि माझी पायरी फारशी दूर नसावी, अशी माझी समजूत होती. एका रविवारी मी तिला धाकट्या भावाचे दुसरीचे पुस्तक वाचायला सांगितले. तिने धडा घडाघडा म्हणून दाखवला. शाबासकी देणार तेवढ्यात माझ्या लक्षात आले की तिचे बोट एका ओळीवर आहे आणि तोंड दुसऱ्या ओळीवर. मी तिचे बोट थांबवून त्याखालचा शब्द विचारला. तो तिला सांगता येईना. मग एका कोऱ्या कागदावर मी माझ्या वेड्यावाकड्या अक्षरात, तुझ्या भावाने आज दूध सांडले, अशा अर्थाचे एक वाक्य लिहिले. ती बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिली. पहिले अक्षर लागले, दुसरे लागले, जोडाक्षरापाशी गाडी थांबली. नंतर तिने अतिशय शहाणपणाने मला विचारले, ''अंकल, हे कुठल्या धड्यात आहे?''

तिच्या वह्या मी मागून घेतल्या. अक्षर मोत्यासारखे, पाने स्वच्छ, एकही खाडाखोड नाही. सगळे फळ्यावरून उतरवलेले. प्रत्येक पानाच्या तळाशी लाल शाईत 'नोडिदे', म्हणजे 'पाहिले', आणि खाली सही. प्रगतिपत्रकात भाषेला 'ए' श्रेणी.

हा 'पाहिले' शब्द माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. आमच्याकडे फायलीवर 'सीन' असे लिहून खाली आद्याक्षरे करतात. त्याचा अर्थ फाइल वाचली असा होत नाही. फाइल आपल्या मेजावरून पुढे गेली, एवढाच होतो. सहा वर्षे ही मुलगी अशी मेजांवरून पुढे गेली आहे.

(याच हेब्बाळमध्ये २०१८ साली गटाराचे खोदकाम चालू असताना आठव्या शतकातला एक शिलालेख सापडला. कित्तय्या नावाच्या वीराचा. बंगळुरू परिसरातला तो सर्वांत जुना कन्नड लेख मानला जातो. साडेबाराशे वर्षांपूर्वी कोणी तरी वाचील या भरवशावर येथे दगडावर अक्षरे कोरली गेली होती, हे त्या रविवारी मला आठवल्यावाचून राहिले नाही.)

आता या प्रकाराचे कारण काय, असे आपल्या मराठी मंडळींच्या बैठकीत विचारून पाहावे. बंगळुरूत स्थायिक झालेला आपला सुशिक्षित वर्ग चार उत्तरे हमखास देतो. 'नापास करणे बंद केले, तिथेच वाटोळे झाले.' 'सरकारी मास्तर शिकवतच नाहीत, पगार मात्र गलेलठ्ठ.' 'त्या मुलांच्या आईबापांनाच शिक्षणाची पर्वा नाही.' आणि शेवटी, 'सरकारला शाळा चालवता येत नाहीत, खासगीकडे द्या.' ही चारही मते मी गणपतीच्या आरतीनंतर, प्रसादाची वाटी हातात धरून, अनेकदा ऐकली आहेत. एके काळी त्यांतली दोन मीही मांडत असे. आज माझे मत असे आहे की ही चारही उत्तरे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा प्रकार आहे. दोष आहे तो प्रशासनाचा, म्हणजे माझ्यासारख्यांचा, आणि तो आळसाचा नसून मोजमापाचा आहे. आम्ही जे मोजतो ते होते. मुलाला वाचता येते की नाही, हे आम्ही मोजत नाही.

प्रथम वस्तुस्थिती. 'प्रथम' ही संस्था १९९०च्या दशकाच्या मध्यात मुंबईत सुरू झाली. माधव चव्हाण आणि फरिदा लांबे ही तिची संस्थापक मंडळी. २००५पासून या संस्थेच्या प्रेरणेने 'असर' नावाची पाहणी होऊ लागली. तिची परीक्षा एका कागदावर मावते. अक्षरे, साधे शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. गणितात अंकओळख, हातच्याची वजाबाकी, तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणे. कार्यकर्ते गावात घरोघरी जातात आणि मुलाला समोर बसवून वाचायला लावतात. ग्रामीण भारतातील सरकारी शाळांत पाचवीत असलेल्या मुलांपैकी दुसरीची गोष्ट वाचू शकणारी मुले २०१८ साली ४४.२ टक्के होती. करोनानंतर २०२२मध्ये ती ३८.५ टक्क्यांवर घसरली आणि २०२४मध्ये पुन्हा ४४.८ टक्क्यांवर आली. याला 'भरपाई झाली' असे म्हणण्याची प्रथा आहे. पाच वर्षे शाळेत काढून निम्म्याहून अधिक मुलांना दुसरीची गोष्ट वाचता येत नाही, या स्थितीला आपण पूर्ववत परतलो, ती ही भरपाई!

असरचे आकडे बिगरसरकारी आहेत म्हणून नाक मुरडणारे अधिकारी मी पाहिले आहेत. त्यांच्यासाठी सरकारचा स्वतःचा आकडा आहे. २०२४च्या डिसेंबरमध्ये झालेल्या 'परख' सर्वेक्षणात तिसरीची फक्त ५५ टक्के मुले ९९पर्यंतच्या संख्या चढत्या-उतरत्या क्रमाने लावू शकली, आणि सहावीच्या ५३ टक्क्यांनाच दहापर्यंतचे पाढे येत होते. त्याहून बोलकी गोष्ट आंतरराष्ट्रीय परीक्षेची. 'पिसा' चाचणीच्या २००९च्या फेरीत तमिळनाडू आणि हिमाचल प्रदेश ही आपली दोन नावाजलेली राज्ये उतरली आणि ७४ सहभागींत शेवटून दुसऱ्या-तिसऱ्या स्थानी राहिली. खाली फक्त किर्गिझस्तान. आपण काय केले? प्रश्न आपल्या संस्कृतीला धरून नव्हते असे म्हणून परीक्षेतून अंग काढून घेतले. पुढे २०१९ साली पुन्हा सहभागाचा करार झाला तेव्हा निवड केली ती चंदीगड, केंद्रीय विद्यालये आणि नवोदय विद्यालये यांची. तापमापक रुग्णाला न लावता डॉक्टरांच्या मुलाला लावण्याचा हा बेत होता. तोही प्रत्यक्षात उतरला नाही.

नापास न करण्याच्या धोरणाचा मुद्दा सर्वांत लोकप्रिय आहे, म्हणून त्याचा समाचार आधी घेतो. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० रोजी लागू झाला आणि त्यातील कलम १६ने आठवीपर्यंत मुलाला मागे ठेवण्यास मनाई केली. पण असरच्याच नोंदीनुसार २०१० साली, म्हणजे नव्या कायद्याचा वारा लागण्यापूर्वी, सरकारी शाळांतील पाचवीच्या मुलांत दुसरीचे वाचू शकणारी ५०.७ टक्केच होती. मग उरलेली निम्मी कोणत्या धोरणामुळे अडाणी राहिली? हेही प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे की पुढच्या दोन वर्षांत हा आकडा ४१.७पर्यंत घसरला. त्या घसरणीत कायद्याचा वाटा आहे, असे मलाही वाटते. परंतु तो वाटा परीक्षेची भीती गेली म्हणून नव्हे. 'सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन' या भारदस्त नावाखाली जे आले, ते प्रत्यक्षात तक्ते भरण्याचे काम ठरले. मूल कुठे अडले आहे हे पाहण्याची जी एक ओबडधोबड रीत होती ती गेली आणि तिच्या जागी 'पाहिले'ची सही आली.

आता वारा उलट वाहतो आहे. २०१९च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीत मुलाला मागे ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली. महाराष्ट्राने २०२३मध्ये तसे नियम केले. केंद्राने २०२४च्या डिसेंबरात आपल्या शाळांसाठी केले. कर्नाटकात पाचवी-आठवीच्या राज्यस्तरीय परीक्षांवरून २०२३ व २०२४ अशी दोन वर्षे उच्च न्यायालयापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत खटलेबाजी झाली. मुलांनी पेपर दिले आणि निकाल कोर्टात अडकले. या साऱ्या खटाटोपात कोणी एवढे विचारले नाही की पाचवीत नापास झालेल्या मुलाला तोच शिक्षक तेच पुस्तक त्याच वेगाने दुसऱ्यांदा शिकवणार असेल, तर दुसऱ्या वर्षी ते मूल काय निराळे शिकेल? ज्या मुलाचे दुकान दुसरीतच बंद पडले, त्याला पाचवीत दंड ठोठावून वसुली कशी होणार? होते ते एवढेच की बाप म्हणतो, 'हिला डोके नाही, कामाला लावू.' आणि मुलीच्या बाबतीत तो हे जरा लवकर म्हणतो.

परीक्षेचा धाक सत्य दाखवतो हे मात्र खरे, आणि तो दाखवतो म्हणूनच आपण त्याला घाबरतो. कर्नाटकातील दहावीची २०२४ची परीक्षा आठवावी. त्या वर्षी परीक्षा केंद्रांत कॅमेरे बसवून थेट प्रक्षेपणाने देखरेख ठेवली गेली. आदल्या वर्षीचा ८३.८९ टक्क्यांचा निकाल ७३.४० टक्क्यांवर आला. हा दुसरा आकडासुद्धा फुगवलेला होता. किमान गुणांची अट खाली आणून आणि कृपागुण दुप्पट करून तो तिथवर चढवला होता. तसे केले नसते तर तो ५४ टक्क्यांच्या आसपास थांबला असता. पुढच्या वर्षी ती खैरात बंद झाली आणि निकाल ६२.३४ टक्के लागला. म्हणजे आधीची कित्येक वर्षे आपण काय मोजत होतो? पर्यवेक्षकांची दयाबुद्धी. महाराष्ट्रातील वाचकांना हे नवे वाटू नये. २०१०च्या सुमारास नांदेडमध्ये जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी कॉपीमुक्तीची मोहीम राबवली तेव्हाही जिल्ह्याचा निकाल असाच कोसळला होता.

२०२४च्या त्याच निकालात, त्याच कॅमेऱ्यांखाली, उडुपी जिल्हा ९४ टक्क्यांवर होता आणि यादगीर ५०.५९ टक्क्यांवर. एकच राज्य, एकच पाठ्यपुस्तक, एकच वेतनश्रेणी, एकच नापास-धोरण. हे आकडे सरकारी व खासगी अशा सगळ्या शाळांचे मिळून आहेत, हे खरे. तरीही ज्यांना सर्व दोष एखाद्या कलमावर टाकायचा आहे त्यांनी या दोन जिल्ह्यांतील ४३ टक्क्यांच्या दरीचे उत्तर द्यावे.

आता शिक्षक. येथे मला माझ्याच जुन्या मताविरुद्ध बोलावे लागणार आहे. २००३ साली मायकेल क्रेमर, कार्तिक मुरलीधरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशभर अचानक भेटी देऊन केलेली पाहणी प्रसिद्ध आहे. चारांपैकी एक शिक्षक शाळेत नव्हता आणि प्रत्यक्ष शिकवताना जेमतेम निम्मे आढळले. महाराष्ट्रात गैरहजेरी सर्वांत कमी, पंधरा टक्क्यांच्या आत-बाहेर होती, याचा आम्हा मराठी अधिकाऱ्यांना तेव्हा मोठा अभिमान वाटला होता. पण गैरहजर म्हणजे घरी झोपलेला, असा अर्थ आपण परस्पर काढला. अझीम प्रेमजी फाउंडेशनने २०१७ साली केलेल्या पाहणीत विनाकारण गैरहजर शिक्षक अडीच टक्क्यांच्या आसपास निघाले. बाकीचे रजेवर किंवा सरकारच्याच कामावर होते.

सरकारचे काम म्हणजे काय, हे बंगळुरूकरांनी २०२५च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये डोळ्यांनी पाहिले. राज्य मागासवर्ग आयोगाच्या सामाजिक व शैक्षणिक सर्वेक्षणासाठी बहुतांश गणक म्हणून शिक्षकच नेमले गेले. काम वेळेत होईना, म्हणून सरकारी व अनुदानित शाळांची दसऱ्याची सुटी १८ ऑक्टोबरपर्यंत वाढवण्यात आली. त्याच गल्लीतील खासगी शाळेची घंटा वाजत होती आणि सरकारी शाळेला कुलूप होते. शिक्षण हक्क कायद्याचे कलम २७ शिक्षकांना तीनच अशैक्षणिक कामे लावू देते: दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका. हे सर्वेक्षण या तिहींपैकी कशात बसते ते मला समजलेले नाही. मागासवर्गांची शैक्षणिक स्थिती मोजण्यासाठी मागासवर्गांच्याच मुलांच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या, यातली विसंगती कोणत्याही पक्षाला टोचली नाही. मागासांची गणना करू नये असे माझे म्हणणे नाही. ती अवश्य करावी. पण ती करण्यासाठी शाळेचाच माणूस स्वस्त का वाटतो? आयकर विभागाची, सहकार खात्याची किंवा माझ्या कार्यालयाची माणसे दोन आठवडे नेली असती तर चार दिवसांत न्यायालयात याचिका दाखल झाली असती. दुसरीतल्या मुलाला याचिका करता येत नाही.

उरलेल्या दिवसांत शिक्षक वर्गात असतो तेव्हाही त्याचे अर्धे लक्ष नोंदींकडे असते. पोषण आहाराचे तांदूळ किती, अंडे घेणारी मुले किती, केळे घेणारी किती, गणवेश किती वाटले, संगणकीय प्रणालीत आधार जोडणी किती टक्के. त्यात देशात एक लाखाहून अधिक शाळा एकशिक्षकी आहेत. कर्नाटकात रिकाम्या जागांवर दरवर्षी हजारोंनी अतिथी शिक्षक तात्पुरते नेमले जातात. अतिथी म्हणजे ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही, हा आपला जुना अर्थ सरकारने अगदी शब्दशः घेतलेला दिसतो. कामचुकार शिक्षक नाहीत असे नाही. पण मी शिक्षकाला कामचुकार म्हणावे, हे तेव्हाच शोभेल जेव्हा त्याला दिलेले काम शिकवण्याचे असेल.

याहून खोल दोष मात्र दुसरीकडे आहे, आणि तो समजायला मला फार वर्षे लागली. शिक्षकाची कर्तव्ये सांगणारे कलम २४ वाचावे. त्यात एक उपकलम म्हणते की शिक्षकाने ठरलेल्या मुदतीत संपूर्ण अभ्यासक्रम पूर्ण करावा. त्याच कलमात पुढे, प्रत्येक मुलाची कुवत अजमावून लागेल तशी जादा शिकवणी द्यावी, असेही आहे. कायद्याच्या पुस्तकात दोन्ही एकाखाली एक सुखाने नांदतात. वर्गात मात्र एक खरे होते आणि दुसरे शोभेला उरते, कारण अभ्यासक्रम पूर्ण झाला की नाही हे केंद्रप्रमुखाला दोन मिनिटांत तपासता येते. सहावीच्या वर्गात समजा चाळीस मुले आहेत. दहांना सहावीचे पुस्तक वाचता येते, पंधरा तिसरीच्या पातळीवर आहेत, पंधरा त्याहून खाली. शिक्षक ज्या मुलांना शिकवतो ती पहिली दहा. बाकीची फळ्यावरून उतरवून घेतात. राखणदाराच्या मुलीची सुबक वही ही तिच्या आळसाची किंवा तिच्या शिक्षिकेच्या बेपर्वाईची खूण नव्हे. नेमून दिलेले काम दोघींनीही चोख केले, त्याची ती पावती आहे.

यावर औषध नाही असेही नाही, आणि ते परदेशातून आणायचे नाही. मुंबई महापालिकेच्या शाळांत 'प्रथम'ने बालसखी ही योजना चालवली. मागे पडलेली मुले दिवसातून दोन तास बाजूला घेऊन वस्तीतल्याच एखाद्या मुलीने त्यांना वाचन नि आकडेमोड शिकवायची. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आदींनी मुंबई व वडोदरा येथे तिची शास्त्रशुद्ध तपासणी केली आणि सर्वाधिक फायदा सर्वांत मागे असलेल्या मुलांना झाल्याचे दाखवले. त्याहीपेक्षा मला शिकवून गेला तो बिहारचा अनुभव. तिथे २००८च्या उन्हाळी सुटीत सरकारी शिक्षकांनीच ही पद्धत वापरून एक महिना वर्ग घेतले आणि मुलांचे वाचन सुधारले. मग तेच प्रशिक्षण व तेच साहित्य शाळा चालू असतानाच्या दिवसांसाठी दिले गेले, तर परिणाम जवळपास शून्य! शिक्षक तेच आणि गरीब, निरक्षर आईबापांची मुलेही तशीच. फरक एवढाच होता की सुटीत पाठ्यपुस्तक संपवण्याची सक्ती नव्हती. पुढे हरयाणात शाळेच्या वेळापत्रकातच या कामासाठी रोज एक तास राखून ठेवला आणि देखरेख करणाऱ्यांनी आधी स्वतः वर्ग घेऊन पाहिले, तेव्हा गुण पुन्हा आला. 'मास्तर शिकवत नाहीत' आणि 'आईबापांना पर्वा नाही' या दोन्ही सिद्धान्तांचा यापेक्षा स्वच्छ निकाल मला तरी माहीत नाही.

कर्नाटकानेही प्रयोग कमी केलेले नाहीत. हेग्गडदेवनकोटे तालुक्यात १९९५ साली सुरू झालेली 'नली-कली', म्हणजे आनंदाने शीक, ही पद्धत पुढे राज्यभर पहिल्या इयत्तांना लागू झाली. 'ओदु कर्नाटक' आले. करोनानंतर 'कलिका चेतरिके' आले. महाराष्ट्रात २०१५च्या जूनमध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'चा निर्णय निघाला आणि साताऱ्याचे कुमठे बीट पाहायला राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या जाऊ लागल्या. प्रत्येक कार्यक्रम चांगल्या माणसांनी चांगल्या हेतूने आणला. सचिव बदलले, बोधचिन्ह बदलले, प्रशिक्षणाची नवी पुस्तिका आली आणि येरे माझ्या मागल्या! कार्यक्रम बदलला तरी तपासणीचा नमुना तोच राहिला. पट, आहार, अनुदान, अभ्यासक्रम.

'खासगीकडे द्या' म्हणणाऱ्यांसाठी दोनच वाक्ये पुरे आहेत. आंध्र प्रदेशात सोडत काढून काही गरीब मुलांना शिष्यवृत्ती देऊन खासगी शाळांत घातले आणि चार वर्षांनी तपासले, तेव्हा तेलुगू व गणितात ती मुले सरकारी शाळेतल्या मुलांपेक्षा पुढे नव्हती. हिंदीत मात्र होती, कारण खासगी शाळा तो विषय शिकवत होत्या. खासगी शाळा कमी खर्चात तेवढेच देतात, एवढे श्रेय त्यांना द्यावे, त्याहून अधिक नाही.

माध्यमाचा प्रश्न मी टाळू शकलो असतो, पण बाहेर राहणाऱ्या मराठी वाचकासमोर तो टाळणे बरे नव्हे. बेळगाव-खानापूरकडच्या मराठी शाळांबद्दल आपण तावातावाने बोलतो आणि आपली मुले मात्र पहिलीपासून इंग्रजीत घालतो. आमच्या कुंपणापलीकडच्या शाळेत यादगीरची कन्नड, तेलुगू, दखनी, नेपाळी बोलणारी मुले एका बाकावर बसतात. २०१९मध्ये राज्याने हजार सरकारी शाळांत इंग्रजी माध्यमाचे वर्ग उघडले, कारण पालक इंग्रजीमागे खासगीत चालले होते. पालकांची भूक खरी आहे. पण ज्या मुलीला घरच्या भाषेतले जोडाक्षर लागत नाही तिच्यापुढे इंग्रजी पुस्तक ठेवणे म्हणजे ज्याला विहिरीत पोहता येत नाही त्याला समुद्र दाखवणे आहे.

आता माझ्याबद्दल. मी हिशेब तपासणीच्या कामात हयात घालवली. एका राज्यात (नाव नको) शालेय अनुदानाची तपासणी माझ्या पथकाकडे होती. शौचालयांची किती बांधकामे अपूर्ण, किती निधी अखर्चित, किती उपयोगिता प्रमाणपत्रे प्रलंबित, यांवर आम्ही मोठा बिनतोड अहवाल लिहिला. तीस-चाळीस शाळांत आम्ही गेलो होतो. त्यांतल्या एकाही शाळेत, एकाही मुलाला, आम्ही 'हे वाच बरे' असे म्हटले नाही. नमुन्यात तो रकाना नव्हता. कायद्याच्या परिशिष्टातही इमारत, स्वयंपाकघर, कुंपण, कामाचे दिवस या सर्वांची मानके होती. कोणत्या इयत्तेला काय यावे, हे केंद्राच्या नियमांत २०१७ साली घातले गेले. कोट्यवधी रुपये खर्चून सात वर्षांनी आपल्याला आठवले की शाळेत काही शिकायचेही असते.

आणि यंत्रणेला मोजता येत नाही असे कोणी म्हणू नये. महाराष्ट्रात ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत राज्यातील शाळांची पटपडताळणी झाली. एकच मूल दोन शाळांत दाखवले जाऊ नये म्हणून मुलांच्या बोटाला शाई लावली. लाखो नावे नुसती पटावर असल्याचे उघड झाले. महसूल, पोलीस, जिल्हा परिषद, सगळे खाते रस्त्यावर होते, कारण प्रश्न पैशांच्या गळतीचा होता. हीच यंत्रणा तीन दिवसांत दुसरीचे एक पान घेऊन प्रत्येक मुलासमोर बसू शकली असती. तशी आज्ञा कोणी काढली नाही.

का काढली नाही, याचे उत्तर सोपे आणि अप्रिय आहे. तिथे आमची मुले नाहीत. १८ ऑगस्ट २०१५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने, सरकारी तिजोरीतून पगार घेणाऱ्यांनी आपली मुले सरकारी प्राथमिक शाळेत घालावीत, असा आदेश दिला होता. तो अमलात आला नाही, येणारही नव्हता. माझी दोन्ही मुले केंद्रीय विद्यालयात शिकली. तीही सरकारचीच शाळा. शिक्षक सरकारी, पगार सरकारी, फी नाममात्र. तिथे शिक्षक नसला तर आठवड्याच्या आत पालकांपैकी कोणी तरी सहसचिव दर्जाचा माणूस फोन उचलतो. कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव, आपल्या कोल्हापूर भागातले जे. पी. नाईक, यांनी १९६६च्या अहवालातून सर्वांसाठी समान शाळेचा आग्रह धरला होता. त्या आग्रहाचे आपण एवढेच केले की आपल्यासाठी एक समान शाळा काढली आणि इतरांसाठी दुसरी.

मागणी फार मोठी नाही. वर्षातून दोनदा, जूनमध्ये आणि जानेवारीत, तिसरीपासून आठवीपर्यंतच्या प्रत्येक मुलाकडून एक पान वाचून घ्यावे, आणि ते वाचून घेणारा त्या शाळेचा शिक्षक नसावा. निकाल गावच्या भाषेत शाळेच्या दारावर लावावा. मुलावर, शिक्षकावर कारवाई करू नये. कारवाई केली की त्याच दिवशी सर्वांना वाचता येऊ लागेल, हे मी तीस वर्षांच्या अनुभवावरून सांगतो. मागे राहिलेल्यांसाठी वेळापत्रकात रोज एक तास असा असावा की त्या तासात इयत्ता मोडलेली असेल. आणि शाळेला भेट देणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याने, मग तो बांधकाम पाहायला आलेला का असेना, पाच मुलांचे वाचन ऐकून त्यांची पातळी नोंदवल्याशिवाय त्याचा प्रवासभत्ता मंजूर होऊ नये. ही शेवटची सूचना मी थट्टेने केलेली नाही. प्रवासभत्त्याच्या बिलाइतके काळजीपूर्वक आमच्या सेवेत दुसरे काहीही भरले जात नाही.

राखणदाराच्या मुलीला जोडाक्षरे आता बऱ्यापैकी लागतात. दहा-बारा रविवार गेले. तिच्यापेक्षा माझे कन्नड अधिक सुधारले, असे पत्नीचे म्हणणे आहे. गेल्या महिन्यात तिचे वडील संकोचत दारात आले. ''सार, हिला नापास करतील का?'' मी म्हटले, नाही करणार. त्यांना हायसे वाटले. त्यांना आणखी एक सांगायचे होते: इमारतीचे काम मार्चअखेर संपते, मुकादम पुढची जागा देवनहळ्ळीकडे आहे म्हणतो, तिथे शाळा जवळ आहे की नाही ते ठाऊक नाही. दाखला वेळेत मिळावा म्हणून मी शाळेत फोन केला. मुख्याध्यापिका अतिशय सौजन्याने बोलल्या. शनिवारी सकाळी या म्हणाल्या, कुठले प्रशिक्षण लागले नाही तर.